रकाना सात

टेपचे पहिले चार सेंटिमीटर तुटलेत,
तेव्हा प्रत्येक मापातून चार वजा कर,
असं साहेबांनी निघताना दोनदा सांगितलं.
मग मी आणि धोत्रे
महालातल्या गल्ल्या उतरून
नागनदीच्या बाजूला आलो,
राजांच्या छत्र्या मोजायला.

चैत्र संपत आलेला, ऊन चव्वेचाळीसवर.
फाटकाला कुलूप, कुलपाला किल्ली नाही,
पण बाजूची भिंत पडलेली.
तिथून आत गेलो.

डोमाजी बारापात्रे खाटेवरून उठले.
"काहून मोजता जी? वाढल्या का काही?"
धोत्रे हसला. मी फॉर्म दाखवला.
त्यांनी तो उलटा धरून नीट पाहिला
आणि पाण्याचा गडू पुढे केला.

पहिली छत्री मोठी.
खांबांवर मोर, वेली, तुटक्या सोंडेचा हत्ती,
आणि दोन खांबांना बांधलेली दोरी,
दोरीवर सगुणाबाईंचं हिरवं लुगडं.
उंची घेताना ते बाजूला सारावं लागलं.
ओलं होतं अजून.
राजाच्या दगडाला साबणाचा वास.

चौथरा : सहाशे बारा, वजा चार.
पायरी : एकवीस, वजा चार.
एवढं राज्य, एवढे घोडे,
आणि मी आपला प्रत्येकाचे
चार चार सेंटिमीटर कापत चाललेला.

"खाली काय आहे?" मी विचारलं.
देहाला जागा लागते, कुठेतरी ऐकलं होतं,
तळघर, पेटी, पेटीवर मुकुट, राखणीला दिवा.
डोमाजींनी टाच आपटली. दगड भरीव वाजला.
"काहीच नाई जी. राख तवाच नदीत गेली.
आमी रिकाम्याची राखण करतो."

त्यांची नात मैना सागरगोटे खेळत होती
बरोबर त्या जागी, जिथे वर घुमटाचं मधलं फूल येतं.
ती म्हणाली, "पण छत्री हाये
तर खाली कोणी तरी असनच ना?"
धोत्र्यानं टेप गुंडाळला. उत्तर कोणीच दिलं नाही.
घुमटात एक पारवा जागा बदलून बसला.

नदी पलीकडून वास पाठवत होती.
त्या पाण्यात गेलेले राजे
आता कुठवर पोचले असतील,
हा रकाना फॉर्मात नाही.

मग शेवटची.
भिंतीला लागून, बाभळीखाली,
चार खांब, डोक्याएवढा घुमट,
उभा राहिलो तर माझ्या छातीशी येणारी.
शिलालेख नाही. पावलं कोरलीत फक्त,
दोन, माझ्या आंगठ्याएवढी.

मी बसलो. धोत्रेही बसला.
त्याचं मागच्या वर्षीचं मला माहीत होतं,
मेडिकलमधल्या त्या अकरा दिवसांचं.
तो बोलला नाही, मी विचारलं नाही.
टेपचं टोक त्यानं धरलं
आणि खूप वेळ धरूनच ठेवलं.

"कोणाची?" मी डोमाजींना विचारलं.
रकाना सात : स्मारक कोणाचे.
"कोणाची म्हणू? माझ्या बापानंबी विचारलं होतं.
आमच्या घरची बाई दिवाळीला एक पणती ठेवते इथं.
राजांले मोठ्ठे दिवे लावाले लोक येतात."

रकान्यात आडवी रेघ मारायची असते.
मी पेन टेकवला, उचलला.
मैना पावलांवर बोट फिरवत होती,
पाटीवर अक्षर गिरवावं तसं.

संध्याकाळी ऑफिसात आकडे उतरवले.
सहाशे आठ. सतरा. सगळे वजा करून, चोख.
त्या एका छत्रीच्या ओळीत मात्र
वाचलं तेवढंच लिहिलं : एकशे एकोणीस.

साहेबांनी सही केली.
धोत्र्यानं कागदाकडे पाहिलं,
मग खिडकीकडे, कूलरच्या ओल्या गवताकडे.
"चार राहिले," तो म्हणाला.
"हो," मी म्हणालो, "राहू दे."