ड्रमकोराची पेटी

चाळीस वर्षं हेच करत आलो:
मोजणीच्या दिवशी कठड्याला पोट टेकून
पलीकडे उलगडणाऱ्या मतपत्रिका उलट्या वाचायच्या
आणि वहीत रेघा ओढायच्या.
चार उभ्या, पाचवी तिरकी.
लोक म्हणतात, मॅलकी बीर्नचा आकडा
सरकारच्या आधी घरी पोचतो.

आज पेन्सिल दोनदा मोडली.
टेबलावर आमच्याच गावची पेटी.
लग्न कोणी कोणाशी करावं, एवढाच प्रश्न.
नाही : एकशे एक्केचाळीस.
हो : एकशे अठ्ठावीस.

डब्लिनमध्ये म्हणे लोक रस्त्यावर नाचतायत.
देश हो म्हणाला, आम्ही तेवढे अडून बसलो.
पॅडरिक हॅनलीनं पाठीवर थाप मारली,
"आपलं गाव शाबूत आहे, मॅलकी."
"आहे खरं," म्हटलं,
आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

एकशे अठ्ठावीस.
त्यातला एक मी.
मग उरलेले एकशे सत्तावीस
कोण?

त्र्याण्णव साली कायदा बदलला
तेव्हा डेअरीत दूध घालायला उभा होतो.
बातमी वाचली, पेपरची घडी केली, कॅनखाली सारली.
त्या दिवसापासून मी गुन्हेगार नव्हतो.
सांगणार कोणाला?

त्याच्याही आधी, एकाहत्तरात,
पीट रचता रचता फियाक्रानं विचारलं होतं,
"इथं आपल्या बाजूनं कोण आहे?"
"कोणी नाही," मी म्हणालो.
पुढच्या मंगळवारी तो लीड्सच्या बोटीत बसला.
न मोजता आकडा दिला
असा तो एकदाच.
पण मोजलं असतं तरी
त्या साली किती निघाले असते?
दोन.

रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेत लक्ष नव्हतं.
बाकामागून बाक चाळत होतो.
खाटीक टर्लो? त्याचे ते विनोद, छे.
अंडी विकणारी ब्रीज?
फादरांच्या मागे झोपा काढणारा तिचा नवरा?
सगळ्यांच्या माना सारख्याच, मागून.

शांतीचा हात देताना ब्रीजनं
माझा हात अंमळ जास्त वेळ धरला.
तिला थंडी वाजत असेल.

घरी येऊन वहीत एक उभी रेघ ओढली.
मग खोडरबरानं पुसली.
मत गुप्त असतं,
आणि गुप्त कसं राहायचं
हे मला कोणी शिकवायला नको.