चाळिसाव्या दिवशी

आज दाढी करायची आहे.
चाळीस दिवस आरशाकडे पाठ होती माझी,
आमच्या चिआतुरात बाप गेलेल्या मुलानं असंच राहायचं असतं.
दुपारी माणसं जेवायला येतील.
नातेला आत्या पहाटेपासून शिजल्या गव्हात मध कालवते आहे
आणि मी न्हाणीघरात, दोन वस्तूंपुढे उभा.

एक वस्तरा, हाडाच्या मुठीचा.
एक यंत्र, मुरमानदादानं पोझनानहून पाठवलेलं,
तीन गोल चकत्या, खाली हिरवा दिवा.

वडिलांची दाढी म्हणजे तारा.
तेहतीस वर्षं त्यांनी रोप-वेचे दोर तपासले,
दरीवरून खाण कामगारांना नेणाऱ्या त्या लोखंडी पाळण्यांचे.
कापसाचा बोळा मुठीत धरायचा,
दोर सरकू द्यायचा सावकाश;
जिथे तंतू अडकला, तिथे तार तुटलेली.
गालालाही हीच परीक्षा.
दाढी झाली की बोळा कानापासून हनुवटीपर्यंत,
अडकला तर पुन्हा फेस.
आई म्हणायची, पाळण्यात माणसं बसतात,
तुझ्या गालावर कोण बसणार आहे?
ते म्हणायचे, तू.

वस्तऱ्याचे नेम ठरलेले:
कढत टॉवेल, दोनशे आकडे होईतो.
पहिला हात केसांच्या कलानं,
उलटा हात फक्त लग्नाला आणि निवडणुकीला.

मग हात थरथरू लागला.
आधी पेल्यातली वाइन, मग कुलपाशी किल्ली,
मग एका सकाळी शर्टाची कॉलर लाल.
तेव्हा यंत्र आलं.
वडिलांनी ते गालावर फिरवलं, ऐकलं, म्हणाले,
"हे कापत नाही रे, वासरू चाटतंय."
तरी चाटू दिलं, चार वर्षं, रोज.
गळ्याशी पुरळ उठायचं, जबड्याखाली खुंट राहायचे.
बोळा कपाटात गेला.
जे ठाऊकच आहे ते कशाला तपासायचं?

मी आधी यंत्रच उचललं.
ते माझ्या चाळीस दिवसांत शिरलं,
दोन श्वास घुरघुरलं, केस दातांत धरले
आणि बसलं.
डोळ्यांत पाणी आलं.
ते केस ओढल्याचं होतं, हे नोंदवून ठेवतो.

साफ करावं म्हणून झाकण उघडलं.
आत चिमूटभर भुकटी,
करडी, पिठाहून बारीक.
त्यांचे शेवटचे काही दिवस.
नळ चालूच होता.
पुस्तिकेत लिहिलंय, वाहत्या पाण्याखाली धरा.

झाकण लावून टाकलं.

मग कात्री. मग टॉवेल, दोनशे आकडे;
एकशेसाठच्या आसपास चुकलो, तिथूनच पुढे मोजले.
डाव्या गालावर वस्तरा,
दहिवर गोठलेल्या गवतातून कुणी चालावं तसा आवाज.
हनुवटीच्या खळीत चिरलंच.
उजवीकडचा फेस पुसून टाकला, गाल कोरडा केला
आणि तिथे यंत्र लावलं.
आता खुंट आखूड होते, ते निमूट कामाला लागलं.
आत अंधारात
माझं काळं त्यांच्या करड्यावर पडत असणार.

राठ दाढीला काय बरं, असं कुणी विचारलं
तर मला सांगता येणार नाही.
वस्तरा तळाशी जातो, पण त्याला हात लागतो.
यंत्र थोडं ठेवून देतं, थरथरत्या हातालाही चालतं.
माझे हात अजून बरे आहेत.
दादाचे कसे आहेत, फोनवर कळत नाही.

आत्यानं दार वाजवलं, "झालं का? पाद्री आले."
कपाटातून बोळा काढला.
डावीकडे सुळकन गेला.
उजवीकडे जबड्याखाली अडकला,
एक पांढरा तंतू तिथे राहिला.

तसाच गेलो पाहुण्यांपुढे.