गरम असताना झाकण उघडू नये

कलामाच्या बाहेर, तांब्याच्या खाणीचा फाटा सोडला
की उजव्या हाताला माझा पत्र्याचा गाळा.
पाटीवर अजून भावाचंच नाव : मेलितोन कोल्के, रेडिएटर दुरुस्ती.
उन्हाने ‘मेलितोन’ खाल्लंय. ‘रेडिएटर’ तेवढं वाचता येतं.

दुपारी दोनला पांढरी पिकअप आली, फुसफुसत,
आणि उतरला वरच्या डोंगरावरचा दुर्बीणवाला,
आन्सेल्मो वेन्चुयान. मूळचा वाल्दिवियाचा.
तिकडे पाऊस घरजावयासारखा ठाण मांडून असतो,
सूर्य येतो तो पाहुणा म्हणून.
या गड्याचा जन्म त्या पाहुण्याच्या चौकशीत गेला.

उतरल्या उतरल्या त्याचा हात झाकणाकडे.
मी अशी ओरडले की कुत्री उठली.
‘उंचावर पाणी लवकर उकळतं,’ तो ओशाळून म्हणाला,
‘हे मला पाठ आहे. माझंच उकळेल असं वाटलं नव्हतं.’

इंजिन निवेपर्यंत काय करायचं? मी विचारलं :
त्याच्या टाकीत किती उरलंय?
‘निम्मं.’
निम्म्यापर्यंत काटा हळू येतो, मी म्हटलं,
पुढे भराभर पडतो.
तो हसला नाही. म्हणाला, पुढे पुढे तो जास्तच तापत जाणार.
मग थर्मोस्टॅट बघून घ्या.
आता हसला.

मग त्याची पाळी.
डॅशबोर्ड का तडकतो? ऊन.
बोनेटची साल का निघते? ऊन.
वायपरचं रबर का झडतं, इथे तर पाऊसच नाही?
म्हणूनच. न वापरलेलं आधी झडतं.
आणि बॅटरी? ती परवा पहाटे थंडीने गेली ना?

थंडीवर नुसता आळ येतो, मी म्हटलं.
मारतं ते ऊनच, जानेवारीत.
आतलं पाणी आटतं, प्लेटा खंगतात, गाडी चकार शब्द काढत नाही.
जुलैच्या एका पहाटे किल्ली फिरवावी तर टक्.
आणि मग जो तो म्हणतो, काल तर धडधाकट होती.

‘मेलितोन म्हणजे तुम्हीच का?’ त्याने पाटीकडे बघत विचारलं.
अजून गरम आहे, मी म्हटलं. थांबा जरा.

इंजिन सुरू करून मी लांब स्क्रूड्रायव्हर टेकवला,
मूठ कानाला लावली.
तो एकदम गप्प. मग म्हणाला, आम्हीही हेच करतो.
सूर्य म्हणे आतून घंटेसारखा थरथरतो,
वरची कातडी खाली-वर होते पाच-पाच मिनिटांनी,
त्यावरून पोटातलं ओळखायचं.
मग काय ऐकू येतं?
‘तुम्हाला काय येतंय?’
वॉटर पंपाचं बेअरिंग.

तो खूप वेळ बोलला. मला कळलं ते एवढं :
पोटातला उजेड बाहेर पडायला हजारो वर्षं
दारोदार ठेचकाळतो,
आणि एकदा सुटला की आठ मिनिटांत माझ्या पत्र्यावर.
एवढा खटाटोप, पाटीवरचं नाव पुसायला.
हे मी बोलले नाही. पान्हा मागितला.

पंप बसेपर्यंत सावल्या लांबल्या.
सहज विचारलं, रोज बघता त्याला?
‘स्क्रीनवर. डोळ्यांनी कधीच नाही.’

खुंटीवरून वेल्डिंगचा मास्क काढला, चौदा नंबरच्या काचेचा,
धूळ झटकून त्याच्या हातात दिला.
अंगणात मान वर करून उभा राहिला दुर्बीणवाला,
लोखंडी तोंडाचा,
कुत्री त्याच्याभोवती भुंकत.
किती वेळ. कूलंट भरून झालं, होज आवळला,
झाकण नवं लावलं, बिल लिहिलं.

कसा आहे? मी ओरडून विचारलं.
‘हिरवा. लिंबाएवढा,’ मास्कमधून आवाज आला. ‘चालतोय.’

पैसे देऊन तो गेला, घाटाकडे, दुसऱ्या गिअरमध्ये.
मी मास्क खुंटीला लावायला घेतला
तर आतून ओला, घामाने.
अकरा वर्षांनी.