एकशेवीस

नाताळच्या सुट्टीत जायचं ठरलं तेव्हा
ह्यांनी आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं.
त्यावर दुधाचा हिशेब होता,
त्याच्याच कडेला लिहिलं : पंचवीस.
खोडलं. पंचवीसला सगळा महाराष्ट्र तिथं.
सव्वीस. खोडलं. अण्णांचा उपास.
सत्तावीसला गोल केला, पेन दोनदा फिरवून.

थंडी आहे, म्हणायची म्हणून.
कोल्हापुरात ती पहाटे दूध आणायला जाते
आणि अकराला स्वेटर कमरेला बांधून परत येते.
तरी अण्णांनी कानटोपी काढून ठेवलीय.
पाळण्यावर वारं लागतं म्हणे.
ते पाळण्यात बसणार नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक.

साडेतीनला निघायचं.
उशीर झाला की उसाच्या ट्रॉल्या,
दोन-दोन जोडलेल्या, मागं लाल फडकं,
आणि त्यांच्या मागं आपण, किणीच्या नाक्यापर्यंत.
गाडी भावजींची, डिझेल आमचं,
गाणी भावजींचीच, हे धरून चालायचं.

दिवस मावळला की अण्णा जेवत नाहीत,
आणि डिसेंबरात सूर्याला घाई.
म्हणून कागदावर
बोट, भुताचं घर, पाण्याची घसरगुंडी
आणि मध्येच, चौकट आखून :
साडेपाच, दशम्या, शेंगाची चटणी. बटाटा नको.
अण्णा विचारतात, "शांत्या, तिथं टेकायला
एखादा बाक तरी असतोय न्हवं?"

मग आलं एकशेवीस.
तो मोठा झोका, जो माणसाला उलटं करून आणतो,
एकशेवीस सेंटिमीटरच्या आत कुणाला घेत नाही.
आणि तिकीट? एकशेवीसच्या आत अर्धं.
मी मनात म्हटलं, बरं झालं.
प्रणोती म्हणाली, "पप्पा, मोजा."

हे उद्यमनगरात लेथवर आहेत. बावीस वर्षं.
केसाएवढा फरक निघाला तरी
नग बाजूला ठेवतात, न बोलता.
पोरीला दाराच्या चौकटीला टेकवलं.
टाचा बघितल्या. गुडघे बघितले.
शेंडीसारखी बांधलेली वेणी सोडायला लावली,
डोक्यावर कारखान्यातला गुण्या धरला,
पेन्सिलनं रेघ मारली,
आणि टेप हातात घेऊन नुसतेच उभे राहिले.
एकशेअठरा पूर्णांक सहा.

कुकरची तिसरी शिट्टी झाली. कुणी उठलं नाही.

मग म्हणाले, "रात्री माणूस दबलेला असतो.
दिवसभराचं वजन. सकाळी बघू."
हे ह्यांना कुणी सांगितलं, देव जाणे.
पण एकवीसच्या सकाळी, चूळ भरायच्या आधी,
दुसरी रेघ पहिलीच्या वर पडली.
खरंच पडली. नखाएवढी.
एकशेएकोणीस पूर्णांक चार.

म्हणजे झोका आधी, गेट उघडलं की धावत.
कागदावरचा सगळा दिवस उलटा झाला.
आणि बेरजेत, प्रणोतीच्या नावापुढचं
अर्धं खोडून ह्यांनी पूर्ण लिहिलं.

"अहो, सहा मिलिमीटर कमी आहे.
अर्ध्यात बसतेय तर बसू द्या की."
मिक्सरसाठी ठेवलेले पैसे
माझ्या डोळ्यांपुढून चालत गेले.

"खिडकीत बारकी आणि झोक्यावर मोठी,"
हे म्हणाले, "असं कसं सांगायचं तिला?"
आणि चष्मा पुसत बसले,
जो स्वच्छच होता.

आता रात्र आहे. पोरगी झोपलीय ताठ,
उशी फेकून, पाय कॉटच्या कडेला रेटून,
झोपेतसुद्धा कामावर असल्यासारखी.
मी तिचा निळा फ्रॉक मांडीवर घेतलाय,
घेराची दुमड ब्लेडनं हळूहळू उसवतेय.
दोन बोटं कापड आहे आत,
शिवताना ठेवलं होतं, मीच विसरले होते.

अंधारातून अण्णांचा आवाज येतो,
"किती राहिलं गं?"

"सहा," म्हणते मी.