रिकामी पुली

नारिनच्या चढावर व्हॅन रडायला लागली.
पाय दाबला की सूर वर,
सोडला की खाली.
मागे दुधाचे कॅन गप्प.

सागिनबाय दोन्ही कानांनी ठार बहिरा.
मी तोंडानं काढून दाखवला: ऊंऽऽईंऽऽ
तो माझ्या ओठांकडे बघत हसला,
मग किटलीतलं पाणी
फिरत्या पट्ट्यावर शिंपडलं.
थांबला? खुणेनंच.
मी मान हलवली. नाही.
म्हणजे पट्टा निर्दोष.

लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ त्यानं दातांत धरली
(दात अजून स्वतःचे आहेत, हे नशीब)
आणि टोक टेकवत गेला
अल्टरनेटरवर, पाण्याच्या पंपावर,
स्टिअरिंगच्या पंपावर.
चौथ्या बोल्टला भुवया उडाल्या.

इंजिन बंद करून, पट्टा उतरवून
ती पुली त्यानं मलाच फिरवायला लावली.
बोटांना खरखर,
भाकरीत खडा लागावा तशी.

"आयजामाल, ही काहीच चालवत नाही,"
तो बहिऱ्यांच्या मोठ्या आवाजात ओरडला,
"नुसतं पट्ट्याला वळण लावते.
म्हणून हिच्याकडे कुणी बघत नाही."

नवं बेअरिंग. सहाशे सोम, वर दह्याची बरणी.

उतरताना इतकं शांत
की मागच्या डाव्या चाकाची टकटक
आता स्वच्छ ऐकू येतेय.