दोन्ही आठेच शेतस

एप्रिल. सकाळचे आठ, आणि पारोळ्याच्या गच्च्या आताच चटके देतात.
वर सात बाया, ज्वारीचा घाटा, अंथरलेली जुनी धोतरं,
ओल्या हाताने एकेक बिबडा थापला जातोय,
आणि मी जिन्याखाली, लॅपटॉपपुढे, हरलेली.

काम तसं चिमूटभर.
पडद्यावर एक बटण, त्यावर लिहिलेलं : मोज.
दाबलं की आकडा एकने वाढावा. बस्स.
गेल्या साली चंद्रभागाकाकूंनी कोळशाने भिंतीवर रेघा मारल्या,
त्यातल्या निम्म्या चुन्याखाली गेल्या,
आणि हिशेबावरून जे झालं ते मी सांगत नाही.

ठोकळ्याला ठोकळा जोडला होता रात्रीच,
खाच बसली होती दाराच्या कडीसारखी.
कॉम्प्युटरने सहा अक्षरं दिली.
फोनमध्ये सहा अक्षरं घातली.
गोल फिरत राहिलं,
फिरत राहिलं,
जोडणी झाली नाही.

पुन्हा सहा अक्षरं, नवी; जुनी लगेच शिळी होतात.
फोन बंद केला, चालू केला.
राउटरची पिन ओढली, मनात तीसपर्यंत मोजलं, खोचली.
मोबाइल डेटा बंद केला, तो मधेच तोंड घालत होता.
फायरवॉलला म्हटलं, बाई गं, आजच्या दिवस दार लोटू नको.
काळं-पांढरं चौकोनी चित्र कॅमेऱ्यापुढे धरलं;
फोनने ते वाचलं, होकार दिल्यासारखं केलं,
आणि गप्प.

निशांत म्हणाला, केबल लाव ना सरळ.
केबल होती.
तिसऱ्या पायरीपर्यंत पुरते.
गच्ची अठराव्या पायरीवर आहे.

चंद्रभागाकाकू पाणी प्यायला खाली आल्या,
कोपरापर्यंत घाटा.
"काय व्हयनं वं?"
फोन आणि कॉम्प्युटर बोलत नाहीत एकमेकांशी.
त्यांनी दोघांकडे पाहिलं. एक टेबलावर, एक माझ्या मुठीत.
"दोन्ही आठेच शेतस ना?"
हो.
"एकच वायफायवर?"
(नातू नाशकात कॉम्प्युटर शिकतो, असो.)
एकच.
"मंग तो मधला देख ना."
तांब्या पालथा घातला, गेल्या वर.

मधला.
कपाटावर, धुळीत, केबलवाल्या भूषणने लावून दिलेला,
पासवर्डात त्याच्याच मुलीचं नाव.
पाठीवरचे आकडे वाचून आत शिरले.
तिथे, खालून दुसऱ्या ओळीत, बरोबरची एक खूण :
आलेल्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवा.

दोघांनाही त्याने घरात घेतलं होतं.
दोघांनाही पोटभर वाढलं होतं.
फक्त दोन पाटांच्या मधे पडदा धरून उभा होता,
आणि मी दोन तास
जेवणाऱ्यांनाच बोल लावत होते.

खूण काढली. सहा अक्षरं.
गोल फिरलं, थांबलं,
आणि फोनवर माझं बटण उगवलं,
जरा तिरपं, हिरवं, देखणं म्हणावं असं काही नाही.
लॅपटॉपवर मी ते केशरी केलं,
हातातल्या फोनवर ते केशरी झालं.
मधे नुसती हवा होती.
मी पुन्हा हिरवं केलं. पुन्हा केशरी.
कुणी पाहिलं नाही, म्हणून आणखी एकदा.

धावत वर गेले. सिग्नलची एक कांडी. पुरली.
काकूंनी बिबडा थापला
आणि त्याच ओल्या बोटाने बटण दाबलं.
एक.
दोन. तीन. चार.
बोट केव्हाच उचललेलं, थेंब दाबत बसला होता.

"हाई तं बरं शे," काकू म्हणाल्या,
"दुपारलोंग हजार व्हतीन."
सातही जणी हसल्या, एकीचा घाटा धोतराबाहेर सांडला.
मी ओढणीने पडदा पुसला,
थेंबाचं काय करायचं ते डोक्यात घोळवत निघाले,
अकराव्या पायरीवर असेन,
वरून आवाज आला :
"पोरी, कोळसा कोठे शे?"