खोगीर

बिश्केकच्या दवाखान्यात पट्टी सुटली
तेव्हा झूराकान आत्या छप्पन्न वर्षांची होती.
जन्मापासूनचे मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत.

अत-बाशीला परतल्यावर मी टेबलावर मांडलं
एक कुरुताचा वाळका गोळा,
एक मेंढीच्या घोट्याचं हाड.
ओळख, म्हटलं.
याच हाडांच्या खेळात तिनं कधीकाळी
गावातली सगळी पोरं लुटली होती.

आत्या बघत राहिली. बराच वेळ.
"एक पांढरं आहे," म्हणाली. "दुसरंही."
मग डोळे मिटून हात पुढे केला:
"हं. हाड. डाव्या पायाचं."

त्या उन्हाळ्यात सावली ओलांडताना
ती पाय उचलायची, उंबरा असावा तसा.
किटलीच्या चकाकीला किटली समजायची
आणि संध्याकाळी नमद्यावर टाके घालायला बसली की
"दिवा मालव गं,
उजेडात काही सापडत नाही."

एकदा मी तिला माझ्या वडिलांचा फोटो दिला.
तिचा धाकटा भाऊ, इसाबेक.
तिनं अंगठा फिरवला, कडेपासून कडेपर्यंत.
"गुळगुळीत," म्हणाली. "तो असा नव्हता."

मला राग आला.
तो गेला तेव्हा मी दोन वर्षांची.
मला तो एवढाच ठाऊक,
चार बोटं रुंद, घोड्यावर बसलेला.

रात्री कधीतरी ती गोठ्यात गेली असावी.
सकाळी अंगणात त्याचं खोगीर होतं,
आणि आत्या, मांडीवर फोटो,
या वेळी डोळे उघडे ठेवून
हात चालवत होती. सावकाश.
पुढचा उंचवटा. चामड्याची चीर. चिरेवर ठोकलेला तांब्याचा खिळा.
पुन्हा उंचवटा. पुन्हा चीर.
ऊन डोक्यावर आलं, चहा निवला,
मी दोनदा हाक मारली.

मग तिचं बोट फोटोत एका जागी थांबलं.
"हा खिळा."
खिळ्यापासून लगाम. लगामापासून मूठ.
मुठीपासून बाही, वर, वर,
"कान," म्हणाली. "याची पाळी फाटकी होती.
ऐन उन्हाळ्यातही गार असायची."

मी वाकून पाहिलं.
इतकी वर्षं बघत आले,
पाळी कधी दिसली नव्हती.

आत्यानं माझं मनगट धरलं,
खोगिरावर नेऊन टेकवलं.
"हात लावून बघ."

खिळा उन्हानं तापला होता.